इनासमामांची शेरडं

चिंध्या मी सोडल्या होत्या. ज्या माणसाला हे पहिल्या मिनिटाला सांगायला हवं होतं त्याला फार उशिरा सांगितलं, आणि तेही भलत्या जागी. आता नातवंडं मला डोकेबाज आजी म्हणतात तेव्हा मी हसून घेते आणि विषय बदलते. बावीस वर्षांची होते. मॅट्रिक पास, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेल्या, विरारहून लग्न होऊन सांडोरला येऊन जेमतेम चार महिने झालेले. एवढ्याशा भांडवलावर माणसाला जितकं शहाणं होता येतं तितकी मी झाले होते, वर थोडी उसनवारीही केली होती.

इनासमामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. सासूबाई लवकर गेल्या, म्हणून नवऱ्याला मामांनी आणि रोजामामीने वाढवलं. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात केळीची एकच रांग. स्वयंपाक दोन चुलींवर व्हायचा, पण जेवणारे कुठल्या घरात बसतील याचा नेम नसायचा. बोलणं आमच्या गावच्या बोलीत चालायचं. इथे सगळ्यांना कळावं म्हणून मी त्याला जरा इस्त्री करून लिहिते आहे.

मामा पाण्याचे पंप दुरुस्त करायचे. वाड्यांतले, आणि वाड्या संपल्या की खाडीपर्यंत पसरलेल्या मिठागरांवरचे. मिठागरांत शिरायला तेव्हा रस्ता नव्हता, मातीचे बांध होते. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने तिरकं व्हायचं, इतकीच रुंदी. त्या बांधांवर चालतील म्हणून मामांनी दोन जुन्या परदेशी फटफट्या पाळल्या होत्या. पाळल्या हाच शब्द बरोबर. लहानखुऱ्या, अंगाने सडपातळ, टायरांना जाड दाते, आणि धुराची नळी वर उचलून सीटच्या कडेने नेलेली, म्हणजे ओढ्यात घातली तरी नाकातोंडात पाणी जायला नको. कुणा साहेबांनी चहाच्या मळ्यात डोंगर चढायला आणल्या होत्या म्हणे. साहेब गेले, मळे दुसऱ्यांचे झाले आणि फटफट्या फिरत फिरत मुंबईच्या भंगारात आल्या. चढण लागली की दोघी बकरीसारख्या ओरडायच्या. मामा त्यांना शेरडं म्हणायचे. एक थोरली, एक धाकटी.

मामा भित्रे होते. हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, ते स्वतःच ओळख करून द्यायचे, "मी इनास, पंप दुरुस्त करतो, कुत्रा बांधा." कुत्र्याला भ्यायचे, विजेला भ्यायचे, फादरांना भ्यायचे, दात दुखला तर दात काढणाऱ्याला भिऊन लवंग चावत महिना काढायचे. सगळ्यात जास्त पाण्याला. वाडीच्या मधोमध आमचं बावखल होतं, शिंपण्यासाठीचं मोठं तळं. त्याच्या काठाने जाताना मामा पाण्याकडे पाठ करून खेकड्यासारखे तिरके चालायचे. पोहायला त्यांना कधी आलं नाही. आळीतली पोरं त्यांना भित्रा इनास म्हणायची आणि मी नवी नवरी असूनही तोंडावर पदर घेऊन त्यात हसायची.

एकदा मी विचारलंच, "मामा, मग बांधावरून फटफटी कशी चालवता? दोन्हीकडे पाणी असतं."

"घाबरून चालवतो," मामा म्हणाले. "न घाबरता चालवणारे दोघे मला माहीत होते. एकाच्या मरणानंतरच्या महिन्याच्या मिसाला मी जाऊन आलो."

"आणि दुसरा?"

"तो अजून चालवतो. मी त्याच्याकडे बघत नाही."

किक मारायच्या आधी ते कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा क्रूस काढायचे आणि लगेच पुढचा ब्रेक दाबून बघायचे, मग मागचा. म्हणायचे, "देवाला सांगून झालं, आता ब्रेकला विचारतो." मामी आतून म्हणायची, "ब्रेक काय म्हणतो ते जेवायच्या आत कळवा."

त्यांची काम करायची रीत भित्र्या माणसाचीच होती. गंजलेला बोल्ट समोर आला की दुसरा कुणी पान्याला पाइप लावून जोर करील. मामा त्यावर खोबरेल आणि रॉकेल सोडायचे आणि निघून जायचे. रोज सकाळी दात घासता घासता लाकडी हातोडीने एक टिचकी. आठव्या-दहाव्या दिवशी बोल्ट मुकाट्याने फिरायचा. "गंजाशी भांडायचं नाही, त्याला कंटाळा आणायचा." इंजिनाच्या दोन भागांत घालायला जाड कागदाचं पॅकिंग लागतं. ते बाजारात मिळायचं नाही, कारण ह्या शेरडांना ओळखणारं दुकानच नव्हतं. माझ्या लग्नाची उरलेली आमंत्रणं थोरलीच्या पोटात गेली आहेत. लग्नात सगळ्यांनी माझ्या साडीची तारीफ केली, मामांनी कार्डाच्या जाडीची. कार्बोरेटरचं बारीक भोक तुंबलं तर त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. मग मामा केळीच्या रांगेतून हाक मारायचे, "फिलू, दोन केस दे." माझे केस तेव्हा कमरेखाली होते. दोन केस पिळून ते भोकातून ओवायचे आणि परत आणून द्यायचे. काय करायचे होते मला परत, पण द्यायचे.

धाकटी आली ती तीन पोत्यांत. मामीने पोती उघडून बघितली आणि विचारलं, "ही मेली कधी?" तिला उठवायला मामांना चार वर्षं लागली. काही भाग स्वतः घासून केले, काही भंगार बाजारात शनिवार-शनिवार बसून शोधले, एक स्प्रिंग तर शिवणयंत्राची होती. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तो किस्सा मामी पाहुण्यांना वाढताना सांगायची. मामांनी किक मारली, धाकटी एकदम ओरडली, आणि मामा तिला स्टँडवर तशीच सोडून फणसामागे जाऊन उभे राहिले. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ती चावत नाही." मामा फणसामागून म्हणाले, "असेल. पण आधी तिला माझा वास घेऊ दे."

आता चिंध्यांचं. पडवीत धाकटी उभी असायची आणि तिच्या अंगावर इथेतिथे लाल चिंध्या बांधलेल्या असायच्या. मामीच्या जुन्या लाल लुगड्याच्या, बोटभर रुंदीच्या पट्ट्या. आज इथे एक, उद्या तिथे तीन. मी घरात आले त्या पहिल्या आठवड्यात मामीने मला एकच ताकीद दिली होती. "फिलू, घरातल्या कशालाही हात लाव, त्या चिंध्यांना लावू नकोस." का ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण मला वाटलं की मला कळलं आहे. एवढा भित्रा माणूस, चार वर्षं खपून उभी केलेली फटफटी, लाल कापड. नजर लागू नये म्हणूनच असणार, दुसरं काय.

नवऱ्याला विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने मला फक्त एक गोष्ट सांगितली होती, आणि ती सांगताना सत्तावीस वर्षांच्या त्या माणसाचा आवाज खाली गेला होता. दहा वर्षांचा असताना त्याने पतंगाच्या शेपटीला म्हणून थोरलीची एक चिंधी सोडून नेली. मामांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. उपवासकाळ नुकताच लागला होता. तो लागल्यापासून ईस्टरपर्यंत, सहा आठवडे, मामा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. समोर बसून जेवायचे, बोलायचे मामीशी. ते ऐकून मी काय शिकले? मामा अंधश्रद्धेच्या बाबतीत फार कडक आहेत, एवढंच.

जानेवारीत आमच्या आळीच्या क्रुसाचा सण आला. माझ्या टायपिंगच्या दोन मैत्रिणी विरारहून जेवायला येणार होत्या, आणि फादरही. जेवणाआधी फादर धाकटीवर पवित्र पाणी शिंपडणार होते, कारण ती आता एक-दोन दिवसांत चालायला लागणार होती. सकाळी मामा मिसाला गेले, मामी पाव आणायला. मी म्हटलं, आपण धाकटीला जरा आंघोळ घालू. बादली घेऊन पडवीत गेले आणि बघते तर त्या बाईच्या अंगावर नऊ चिंध्या. नवस बोललेल्या झाडासारखी दिसत होती. फादर काय म्हणतील? माझ्या मैत्रिणी काय म्हणतील? क्रिस्तावाच्या घरात हे? मी नऊच्या नऊ सोडल्या, धाकटीला साबण लावून चकचकीत केलं आणि स्वतःवर खूश झाले.

मामी पाव घेऊन आली तेव्हा मी मोठ्या दिमाखात म्हटलं, "मामी, नजरेच्या चिंध्या आज काढायला हव्यात ना? फादर येणार."

मामी हसायला लागली. "नजरेच्या कसल्या ग. मामा एकदा पुढच्या चाकाचा नट आवळायला विसरले होते. चाक एकीकडे, मामा दुसरीकडे, खांदा अजून थंडीत दुखतो. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या डोक्यावर भरवसा नाही. जिथे नट सैल केला तिथे चिंधी बांधायची, आवळला की सोडायची. अंगावर एक जरी चिंधी असली तरी गाडी दाराबाहेर जात नाही."

"अस्सं होय," म्हणाले, आणि पाव ठेवायला म्हणून गेले ती थेट पडवीत.

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. पण मला डोळ्यांसमोर मुके झालेले मामा दिसत होते, ताटावर ताट, रविवारामागून रविवार. चार महिन्यांची सून मी, मला तेवढं झेपणार नाही असं मला वाटलं. म्हणून मी शहाणपणाचा दुसरा हप्ता भरला. बादलीतल्या ओल्या चिंध्या पिळल्या आणि आठवेल तशा परत बांधल्या. इथे होती, इथे बहुतेक होती, इथे असायला हरकत नाही. वेणीला रिबीन बांधायची सवय, त्यामुळे प्रत्येक चिंधीचं छान फूल झालं.

फादर आले, पाणी शिंपडलं. फुलांकडे बघून म्हणाले, "इनास, नवरीसारखी सजवली आहेस." मामा हसले नाहीत. एका फुलाकडे ते जरा जास्त वेळ बघत राहिले, मग माझ्या मैत्रिणींकडे, मग जमिनीकडे. मी पानं मांडायला आत पळाले.

जेवणं आटपत आली तेव्हा मिठागरावरचा पांडूदादा सायकल मारत आला. मामांनीच बसवलेला शेवटच्या आगरावरचा पंप बंद पडला होता. बांधातून खाडीचं पाणी आत झिरपत होतं. "इनासभाऊ, आज भरती मोठी. पाच वाजता पानी बांधाला लागंल. त्याच्या आत पंप चालला नाय तर चार महिन्यांची मेहनत खलास." थोरलीचं पोट उघडून ठेवलेलं होतं. राहिली धाकटी. मी ताटं उचलत होते, मैत्रिणी हसत होत्या, फादरांना मामी सुपारी देत होती. पडवीतून पान्याचा आवाज येत होता तो मी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मनात म्हणत होते, बांधल्या आहेत ना आपण, ते बघून आवळतील, सगळं ठीक होईल. किती वेळ गेला कळलं नाही. मग धाकटी बकरीसारखी ओरडली आणि आवाज वाडीतून लांब लांब गेला.

पाहुणे गेल्यावर मी बादली उपडी करायला घेतली. बादलीच्या बुडाला नववी चिंधी चिकटली होती.

भीती कशी असते हे मी त्या दिवसापर्यंत पुस्तकात वाचलं होतं. छाती धडधडते वगैरे. माझं काही धडधडलं नाही. मी ती ओली चिंधी हातात घेऊन अतिशय शांतपणे उभी होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, ही कुठली? मागच्या चाकाची? ब्रेकच्या सळीची? हँडलची? बांध डोळ्यांसमोर आला, त्याच्यावरून जाणारं पुढचं चाक आणि पोहता न येणारा माणूस. मामी म्हणाली, "काय ग, अशी का उभी?" मी म्हणाले, "मामा टोपी विसरले. देऊन येते." तेव्हाही खरं बोलले नाही बघा. खुंटीवरची टोपी घेतली आणि सणाच्या साडीत, नव्या चपला घालून निघाले. केळीतून, मग भाजीच्या वाफ्यांवरून, मग जिथे झाडं संपतात आणि वारा एकदम खारट होतो तिथून बांधावर.

बांधावर मऊ माती होती आणि तिच्यात धाकटीच्या टायरचा ठसा. एकाच रेघेत, दात्यांच्या खळग्यांची माळ. मी ठशावरून डोळा हलवला नाही. ठसा सरळ आहे तोवर मामा आहेत, असं माझं गणित. एका जागी ठसा थोडा डावीकडे गेला तेव्हा माझ्या घशातून कसला तरी आवाज आला, पण पुढे तो परत मध्यावर होता. दोन्हीकडे मिठागरांचे चौकोन, त्यात पांढरट पाणी. चिटपाखरू नाही. सणाचा दिवस, सगळे आपापल्या घरी. खाडीकडून पाणी यायला लागलं होतं. ते लाटेसारखं येत नाही. चिखलातून बोटभर रुंदीच्या जिभा सरकतात, थांबतात, परत सरकतात, आवाज नाही काही नाही. मी मोठ्याने हाक मारली, "मामा." वाऱ्याने ती माझ्याच तोंडात परत कोंबली.

आणि मग ठसा संपला. मधोमध चालला होता तो वळून बांधाच्या काठाला गेला, खाडीच्या बाजूला, आणि काठावरची माती खरवडलेली. पुढे बांध कोरा.

आज मला माहीत आहे काय झालं होतं ते. तिथे बांध कुजला होता, म्हणून मामांनी धाकटी हाताने उतरवून पांडूदादाने टाकलेल्या फळ्यांवरून शेजारच्या बांधावर नेली आणि मागून फळ्या उचलल्या, कारण पाण्याने वाहून गेल्या असत्या. पण मला दिसलं ते खरवडलेली माती आणि खाली काळा, गुळगुळीत चिखल, ज्याने काय गिळलं आहे ते तो सांगत नव्हता. थोडं पुढे चिखलात काहीतरी गोल चमकलं. मला ते हेडलाइट वाटलं. बाटलीचं बूड होतं.

मी उतरले. पहिलं पाऊल घोट्यापर्यंत गेलं, दुसरं गुडघ्यापर्यंत, तिसरं टाकलं की नाही आठवत नाही. चप्पल खाली राहिली आणि पाय निघाला नाही. जोर केला तशी मांडीपर्यंत गेले. तो चिखल थंड होता आणि घट्ट धरत होता, मायेने धरावं तसा. जिभा माझ्याकडे सरकत होत्या. एक आली, माझ्या साडीला शिवली, गेली नाही. मी ओरडले, प्रार्थना म्हणाले, परत ओरडले, मध्येच मला मामांची टोपी डोक्यावर घालायची बुद्धी झाली, का ते देव जाणे. पाणी कमरेला आलं तेव्हा ओरडायचं सोडून दिलं. जमतच नव्हतं.

तेव्हा लांबून बकरी ओरडली.

धाकटी शेजारच्या बांधावरून येत होती, मागे पांडूदादा फळी खांद्यावर घेऊन पळत. मामांनी मला बघितलं, ब्रेक दाबला, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही, चुन्यासारखा झाला होता. पांडूदादा ओरडला, "भाऊ, फली टाकून येतो, थांबा, तुमाला पवता येत नाय." मधलं अंतर पाच-सहा हात असेल, पण फळी घेऊन तो अजून बराच मागे होता. मामांनी पाण्याकडे बघितलं. मग खाली वाकून आधी पेट्रोलचा कॉक बंद केला. हो, आधी तो. क्रूस काढला. आणि चार वर्षं खपून उभी केलेली ती धाकटी, जिला पावसाचा थेंब लागला तरी ते धोतराने पुसायचे, हँडलला धरून बांधावरून माझ्या दिशेने चिखलात आडवी ढकलली. ती चिखलावर कुशीवर पसरली. चाकं, टाकी, सीट, सगळ्याची मिळून फळी झाली. मामा डोळे मिटून तिच्यावर पोटावर झोपले आणि सरपटत पुढे आले. पाणी त्यांच्या हनुवटीला लागत होतं. ते थरथरत होते, धाकटीही त्यांच्याबरोबर थरथरत होती.

"हलू नकोस फिलू. हलशील तेवढी खाली जाशील."

"मामा," मी म्हणाले, "चिंध्या मी सोडल्या होत्या. नऊ होत्या. आठच बांधल्या."

"ते मला फादरांच्या आधी कळलं. माझ्या नटांना मी वेण्या घालत नाही. हात दे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या मैत्रिणी होत्या. हात दे म्हणतो ना."

"तासभर येक येक बोल्ट फिरवीत बसला," पांडूदादा कुठूनतरी म्हणाला, "मी बाहेर डोकं आपटत होतो." फळी आली. दोघांनी मला ओढलं, काखेत हात घालून, वेणीला धरून, जिथे सापडेल तिथे. सुटले तेव्हा चिखलाने माझा मुकाच घेतल्यासारखा आवाज केला. आम्ही तिघं बांधावर पडलो आणि पाणी वर आलं. धाकटीचं एक हँडल बराच वेळ दिसत होतं. मग तेही दिसेना. मामा पाय पोटाशी घेऊन बसले होते आणि त्यांचे दात वाजत होते. पंप मात्र चालू झाला होता, लांबून ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दहा जणांनी दोर लावून धाकटीला बाहेर काढलं. मिठाने तिच्या आत जे केलं ते निस्तरायला मामांना पुढची दोन वर्षं लागली. ती चालली, नंतर बरीच वर्षं चालली, मिठागरं होती तोवर. मग तिथे भराव पडले, पंप गेले, आणि मामाही गेले, झोपेत, कुणालाही त्रास न देता. त्यांचे पुष्कळ फोटो आहेत घरात. पण माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या सणानंतरच्या आठवड्यातले. पडवीत धाकटी सुटी सुटी होऊन पसरलेली, आणि मामा मांडी घालून तिच्या इंजिनातलं मीठ दात घासायच्या जुन्या ब्रशने काढताहेत.

मी चहा घेऊन गेले. आठवडाभर ते माझ्याशी नेहमीसारखे बोलत होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं. कप ठेवला आणि विचारलं, "मामा, मी तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही चिडला असता ना?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. चहा फुंकला, प्यायले नाहीत. मग माझ्याकडे तोंड करून बसले आणि म्हणाले,

"चिडलो असतो. पंधरा दिवस तोंड फिरवून बसलो असतो, तू रडली असतीस, मामी मला बोलली असती आणि संपलं असतं. फिलू, मी जन्मभर दुसऱ्यांना भ्यालो. माझ्या मरणापेक्षा माझ्या तोंडाला कुणी जास्त भ्यावं, एवढं वाईट आहे का ग माझं तोंड? नीट बघून सांग."